सहा मापटी तांदूळ

"शिऱ्या, तुझ्या तागडीला खोटं बोलता येतं का?"

शैलाक्कानं हे विचारलं तेव्हा मी एसटीतून उतरून आत्याच्या ओसरीवर अजून टेकलोही नव्हतो. एका हातात किराणा दुकानातली मोठी तागडी, दुसऱ्या हातात वजनांची पिशवी आणि काखेत औषधं मोजायचा छोटा काटा. शिराळ्यापासून गावापर्यंत कंडक्टरनं मला दोनदा विचारलं होतं की जुनी भांडी मोडीत घेता का.

"तागडी कशी खोटं बोलेल?" मी म्हणालो. "माणसं बोलतात."

"मला तेच ऐकायचं होतं." मग दाराकडे तोंड करून तिनं आवाज चढवला. "ऐकलंस का गं आई? माणसं बोलतात म्हणतोय."

आतून द्वारकाआत्याचं उत्तर आलं, "त्येला आदी पानी दे. मग मला फासावर चढवा."

या गोष्टीला आता बत्तीस-तेहेतीस वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. फार्मसीची पदविका घेऊन सांगलीत एका औषधाच्या दुकानात काम करत होतो आणि वजनाखेरीज जगात कशावरच विश्वास ठेवत नव्हतो. त्याच उन्हाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत बसून मी भाषण ठोकलं होतं की मापटं, चिपटं, शेर, पायली ही मापं नव्हेतच, नुसत्या समजुती आहेत. शैलाक्का तेव्हा भात वाढत होती. तिनं ते मनात धरून ठेवलं आणि दिवाळीच्या आधी मला कार्ड टाकलं. 'आईचा हात मोडला आहे. मी गावी आले आहे. तागडी घेऊन ये.' मोडलेल्या हाताचा आणि तागडीचा संबंध मला लागेना, पण शैलाक्काला उलट विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

द्वारकाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या चकल्या तालुक्यात नावाजलेल्या होत्या. दिवाळीच्या आधी महिनाभर तिच्या दारात बायकांची रीघ लागायची, भाजणी मागायला. आणि शैलाक्का तिची एकुलती एक मुलगी. मळायला, सोऱ्या फिरवायला, तळायला लहानपणापासून तीच. लग्न होऊन कराडला गेली. दुसऱ्या दिवाळीला सासरच्यांनी कौतुकानं म्हटलं, आता तुमच्या आईची चकली तुमच्या हातची खाऊ. तिनं आईकडून माप वहीत लिहून नेलं होतं. त्याप्रमाणे धान्य घेतलं, भाजलं, दळलं, मळलं, तळलं. दिसायला चकल्या देखण्या झाल्या. पहिली चकली सासऱ्यांनी तोंडात घातली आणि त्यांची दाढ तुटली.

दाढ आधीपासून हलत होती हे नंतर कळलं, पण तोवर उशीर झाला होता. त्या गल्लीत शैलाक्काला 'गारगोटीवहिनी' हे नाव पडलं ते पडलंच. माझ्यासमोर एकदा भाजीवालीनंसुद्धा तिला त्या नावानं हाक मारली होती, आणि मी हसलो म्हणून शैलाक्का माझ्याशी सहा महिने बोलली नव्हती.

आईशी मात्र ती सहा महिने नाही, अकरा वर्षं धड बोलत नव्हती. तिचं म्हणणं असं की आईनं तिला माप खोटं सांगितलं. परक्या घरी गेलेल्या लेकीला घरचं गुपित कोण देतं? आत्याचं म्हणणं असं की जे सगळ्या गावाला सांगते तेच लेकीला सांगितलं. गावातल्या बायकाही दबक्या आवाजात तेच म्हणायच्या, द्वारकाबाई माप सांगतात खरं, पण काहीतरी गाळतात. त्यामुळे शैलाक्काची खात्री आणखीच पक्की झाली. भाऊबीजेला ती सकाळच्या गाडीनं यायची, मामाला, म्हणजे माझ्या वडिलांना नमस्कार करायची, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. माहेरचा एक दाणाही बरोबर न्यायची नाही. आत्या पिशवी भरून ठेवायची, ती पिशवी ओसरीवर तशीच राहायची.

त्या वर्षी आत्या विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. घरात करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून शैलाक्का आली. आणि दोघींना एका छपराखाली चार दिवस होत नाहीत तोच मापाचा विषय निघाला.

पाणी पिऊन झाल्यावर शैलाक्कानं माझ्यासमोर कोरा कागद ठेवला.

"आई तोंडानं माप सांगेल. तू त्याचं वजन काढायचं. ग्रॅमात. पुढचं सगळं मी तुझ्या कागदावरनं करणार. चकली चांगली झाली तर आई खरी."

"आन् न्हाई झाली तर?" आत्यानं विचारलं. ती दारातल्या बाजेवर बसली होती, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून. मोठ्या हाडाची बाई. तिचा उरलेला डावा हातसुद्धा माझ्या दोन हातांएवढा होता.

"नाही झाली तर तुझं प्लास्टर निघेपर्यंत राहीन. मग माझं येणं-जाणं विसर. भाऊबीजेला मामाला मला भेटायचं असेल तर तो कराडला येईल."

मी चपापलो. हे मला कार्डात कुणी लिहिलं नव्हतं.

आत्यानं गळ्यातला हात सावरला. "आन् झाली तर?"

"तर मी कान धरीन. गावासमोर."

"कान नगो धरूस. दिवाळीचं चार दिस ऱ्हा हितं."

शैलाक्कानं नुसती मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची ते मला कळलं नाही.

"मळताना तू काही गडबड करशील," मी शैलाक्काला म्हणालो. न्यायाधीशानं सगळ्या बाजू बघायच्या असतात.

"ती?" आत्याच उसळली. "तिच्यावानी पीठ मळनारी पंचक्रोशीत दाव मला. मळन्यात खोट न्हाई तिच्या."

दोघींचं जमलं असेल तर एवढ्या एका बाबतीत. मी कागदावर रेघा मारल्या आणि आत्यानं माप सांगितलं. सहा मापटी तांदूळ, तीन मापटी हरभऱ्याची डाळ, दीड उडदाची, एक मुगाची, मापटंभर पोहे, अर्धं चिपटं धणे आणि त्याच्या निम्मं जिरं. आत्याचं मापटं पितळेचं होतं, अर्ध्या शेराचं, काठ झिजून गुळगुळीत झालेला. चिपटं त्याच्या निम्मं. एवढं ठाऊक असलं की पुढचं सगळं अंकगणित, आणि अंकगणितात मला कुणी हरवू शकत नव्हतं.

आता पहिल्या दिवशी मी काय केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी एक मापटं तांदूळ भरला, वर पट्टी फिरवून सपाट केला, तागडीत घातला. चारशे ऐंशी ग्रॅम. झालं. मापटं म्हणजे चारशे ऐंशी ग्रॅम! मग तांदूळ सहा गुणिले चारशे ऐंशी, डाळ तीन गुणिले चारशे ऐंशी, असं मी बसल्या जागी, दुसऱ्या कशाला हात न लावता, पाच मिनिटांत सगळं लिहून काढलं. वर मोठेपणानं म्हणालो, "आणि करून बघायला निम्मंच घेऊ. वजनाचा हाच फायदा. कागदावर निम्मं करता येतं."

पोहे मोजायला बसलो तेव्हा डब्यातले पोहे संपले तरी तागडी हलेना. शैलाक्का दुकानातून आणखी घेऊन आली. परात भरली, पोहे सांडायला लागले.

"एवढं पोहं?" आत्या बाजेवरून म्हणाली. "मापटंभर म्हनले मी. त्येच्या निम्मं म्हंजे चिपटंभर. हे तर म्हशीला घालावं एवढं हाय."

"आत्या, वजन म्हणजे वजन," मी म्हणालो.

"बरं बाबा. तू शिकल्याला."

धणे मोजताना आत्यानं पुन्हा एकदा तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. धुणं, उन्हात वाळवणं, भाजणं, गिरणीतून दळून आणणं, यात दिवस गेला. दिवेलागणीच्या आधी शैलाक्कानं पहिला घाणा तेलात सोडला. चकली तेलात पडली, क्षणभर फुलली आणि मग तिनं कढईतलं तेल पिऊन टाकलं. झाऱ्यानं उचलायला गेलो तर तिचे तुकडे झाले. घरभर धण्यांचा असा वास सुटला की पलीकडच्या घरातून विचारणा झाली, मसाला कांडताय का म्हणून.

आत्यानं एक तुकडा तोंडात घातला. "शिऱ्या, ही चकली न्हाई. धन्याची उसळ हाय."

"माप तुझंच आहे," शैलाक्का म्हणाली.

"माप माजं हाय. ढीग ह्येचा हाय. आरं, पोहं आन् तांदूळ एका वजनाचं आसत्यात व्हय? कापूस भरलास मापट्यात तर त्योबी चारशे ऐंशीच भरंल का?"

मी कागदाकडे बघितलं. कागदावर सगळं बरोबर होतं. फक्त जगात तसं नव्हतं. पदविकेच्या पहिल्याच वर्षी आम्हाला घनता शिकवली होती, आणि मी त्यात पहिल्या वर्गात पास झालो होतो. मी कागद चुरगळून चुलीत टाकला आणि शैलाक्का इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. आत्याही हसली. दोघी मायलेकी एकाच वेळी हसताना मी लहानपणानंतर पहिल्यांदाच बघत होतो. त्यासाठी मी आणखी दोन घाणे बिघडवायला तयार होतो.

दुसऱ्या दिवशी मात्र मी कसलीही हयगय केली नाही. प्रत्येक धान्याचं मापटं वेगळं भरायचं, आत्यापुढे नेऊन दाखवायचं, तिनं हो म्हटलं की मगच तागडीत घालायचं. तांदूळ कोठीतून काढून आणला, तिच्यापुढे धरला.

"काठोकाठ हाय?"

"हाय."

"शीग न्हाई न्हवं? भाजनीला शीग लावायची न्हाई."

मी तिच्यासमोर पट्टी फिरवून वरचा ढीग काढला. तिनं डाव्या हाताचं बोट काठावरून फिरवून खात्री केली. "हां. आता बराबर." चारशे ऐंशी. हरभऱ्याची डाळ चारशे पंचावन्न. उडदाची चारशे पंच्याऐंशी. पोहे एकशे नव्वद, आणि हा आकडा लिहिताना मी कुणाकडेही बघितलं नाही. धणे-जिरं औषधाच्या काट्यावर मोजलं, तेही दोनदा. कागदाच्या खाली मी माझी सही केली, तारीख घातली. आत्यानं अंगठा उठवते म्हटलं, मी नको म्हटलं.

संध्याकाळी शैलाक्कानं पीठ मळलं, सोऱ्यातून चकल्या पाडल्या. काटे सुरेख. तेलात टाकल्या, विरघळल्या नाहीत. रंग बदामी. मी टाळ्याच वाजवणार होतो. शैलाक्कानं एक चकली उचलली, फुंकर मारली आणि दातांखाली धरली.

आवाज झाला, पण तो चकलीचा नव्हता. दातांचा होता.

तिनं चकली तोंडातून काढली, ताटात ठेवली. मी दुसरी घेतली. बाहेरून सगळी चकलीच, पण दात आत शिरेना. दाढेखाली धरून जोर लावला तेव्हा एकदम फुटली आणि कानात कळ गेली.

"हीच," शैलाक्का हळूच म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वीची हीच चकली, शिऱ्या. डोळे मिटून ओळखीन मी."

आत्याला खरं ठरवायला आलेलो मी, दोन दिवस राबून, दोन दोन काटे वापरून, सहीनिशी सिद्ध केलं होतं की आत्या खोटं बोलते. तागडीत खोट नव्हती, मळण्यात नव्हती, तळण्यात नव्हती. उरलं होतं ते फक्त तिनं तोंडानं सांगितलेलं माप.

आत्यानं चकली हातात घेतली. दातांनी नाही, बोटांनीच मोडून बघितली. तिचा चेहरा उतरला.

"आसं कसं झालं?" ती म्हणाली. "सा मापटीच घालते मी. तुजी शपथ, शैले."

"शपथ नको घालू."

"सासूबाईनं मला सा सांगितली. मी सा घालते. चाळीस वर्सं."

"मग तुझी खुसखुशीत का होते? आणि माझीच का दगड?" शैलाक्काचा आवाज फाटला. "एकदा सांग ना गं. पाच म्हण, चार म्हण, काय असेल ते म्हण. मी कुणाला सांगणार नाही. फक्त मला सांग."

आत्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि जेवायला उठली नाही. शैलाक्काही जेवली नाही. मी एकटा कसा जेवणार, म्हणून मीही नाही. भूक मात्र सपाटून लागली होती, हे खरं सांगतो.

सकाळी मी तागडी बांधून ठेवली. अकराची गाडी होती. शैलाक्का मागच्या दारी कपडे धूत होती, गरजेपेक्षा जास्त जोरात. आत्या आंघोळ करून आली आणि मला म्हणाली, "जेवल्याबिगर जायाचं न्हाई. परात घेऊन ये. माज्या एका हातानं दोन गोष्टी हुईनात."

मी तिच्यामागे माजघरात गेलो. तांदळाची पत्र्याची कोठी कोपऱ्यात होती, माझ्या छातीएवढी उंच. आत्यानं झाकण सरकवलं, कोठीला हात लावून कपाळाला लावला, डाव्या हातानं मापटं भरलं आणि कोठीच्या काठावर टेकवलं. बोटानं सपाट केलं. मग मापट्यातून मूठभर तांदूळ उचलला, परत कोठीत सोडला आणि उरलेलं मापटं माझ्या परातीत उपडं केलं.

हे सगळं एवढ्या सवयीनं झालं की मी आधी काही बघितलंच नाही. परात घेऊन दोन पावलं चाललो आणि थांबलो.

"आत्या, आत्ता काय केलंस?"

"काय केलं? तांदूळ काडला."

"नाही. मूठ. परत टाकलीस."

"मग?" तिला प्रश्नच कळेना. "घरचं दानं कोठीतनं काडताना समदं न्हेत्यात व्हय? मूठ ठिवायची. कोठी भरल्याली ऱ्हाती."

"प्रत्येक वेळी?"

"दर मापट्याला. त्यात काय इचारायचं?"

"भाजणीचा तांदूळ काढतानासुद्धा?"

"त्यो काय दुसऱ्या कोठीतनं येतो?"

"आणि डाळ? हरभऱ्याची, उडदाची?"

"डाळ दुकानची. पुड्यातल्या धान्याला कशापायी मूठ? ती काय आपली लक्षुमी हाय?" ती चिडली. "तुजं डोस्कं ठिकानावर हाय न्हवं?"

मी परात तिथेच जमिनीवर ठेवली, बांधलेली तागडी सोडून आणली आणि आत्याला म्हणालो, "मूठ भर. पुन्हा. नेहमी भरतेस तशी."

"लक्षुमी तागडीत घालतोस?"

"आत्या, पाया पडतो तुझ्या. भर."

तिनं भरली. मी तिची मूठ तागडीत रिकामी करून घेतली. ऐंशी ग्रॅम. आणखी एक. ब्याऐंशी. आणखी एक. एकोणऐंशी. चाळीस वर्षं मापून तिचा डावा हातसुद्धा तरबेज झाला होता. माझं अंकगणित आपोआप सुरू झालं. सहा मापटी, सहा मुठी. सहा गुणिले ऐंशी.

"शैलाक्का!" मी असा ओरडलो की ती साबणाच्या हातांनीच धावत आली. तिला वाटलं आई पुन्हा पडली.

"चारशे ऐंशी!" मी म्हणालो. "सहा मुठींचं अख्खं एक मापटं होतं! आत्या सहा सांगते, सहा भरते, आणि घालते पाच! डाळीला मूठ नाही, पोह्यांना नाही, फक्त तांदळाला! आपण सहा पूर्ण घातली, म्हणून जास्तीच्या तांदळानं चकली दगड!"

ती माझ्याकडे, मग तागडीकडे, मग आईकडे बघत राहिली. शैलाक्का माजघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की दोन दिवस तांदूळ आणायला मीच आत येत होतो आणि ती उंबऱ्यापाशी परात घेऊन थांबायची.

"तू कधी बघितलं नाहीस हे?" मी विचारलं. "या घरात वाढलीस ना तू?"

"मी कोठीपाशी कुठे जायचे?" ती म्हणाली. "आजी जाऊ द्यायची नाही."

"सासूबाईंचा दंडक व्हता," आत्या म्हणाली. "लेकीनं कोठीत हात घालायचा न्हाई. तिचं दानं दुसऱ्या घरचं." मग ती एकदम खाली, जमिनीवरच बसली. "आगं बाई. म्हंजे चाळीस वर्सं मी समद्या गावाला खोटं सांगितलं व्हय?"

"नाही आत्या, खरंच सांगितलंस."

"खरं सांगितलं आन् खोटं झालं! आन् त्या पाटलाच्या सुनंला मी म्हनले, तुला चूल फुकायची अक्कल न्हाई." तिनं कपाळावर हात मारला. "आता त्या बाईच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला हसू आवरेना. शैलाक्का हसली नाही. ती उंबऱ्याबाहेर तशीच उभी होती आणि साबणाचं पाणी तिच्या कोपरावरून गळत होतं.

अकराची गाडी गेली. त्या दिवशी तिसरी भाजणी केली. निम्म्या घाण्याला बाराशे ग्रॅम तांदूळ, बाकी सगळं कालच्यासारखं. वाळवणापाशी कावळे हाकत आत्या स्वतः बसली. शैलाक्का दळण आणायला स्वतः गेली, पीठ मळून झाल्यावर हात धुवून मगच सोऱ्या घेतला. मी देवाचं नाव सहसा घेत नाही, त्या दिवशी घेतलं.

पहिली चकली तिनं आईच्या हातात दिली. आत्यानं ती तशीच परत केली. "तू खा."

शैलाक्कानं खाल्ली. कुरकुर असा आवाज झाला, आणि मग ती खात राहिली. अख्खी चकली संपवली, बोटांना लागलेला चुरा चाटला, दुसरी घेतली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड चालू होतं. मी तोवर तीन संपवल्या होत्या.

"झाली का गं?" आत्यानं भीत भीत विचारलं.

"झाली."

"मग ऱ्हातीस दिवाळीला?"

"राहते," ती म्हणाली. मग नाक पुसत म्हणाली, "पण नंतर कराडला जाऊन पुन्हा करणार. मामंजींना खायला घालणार. त्यांना आता एकही दात उरलेला नाही, पण मी कुटून घालीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या आधी कागद नीट लिहून काढत होतो. 'तांदूळ २४०० ग्रॅम' हे वाचून दाखवून कागद आत्याला दिला, तर तिनं तो मला परत दिला. म्हणाली, गावच्या बायकांसाठी सा मापटीच लिही आन् खाली लिही, घरचा तांदूळ आसंल तर मूठ माघारी, दुकानचा आसंल तर पाच. मी म्हटलं, सरळ वजन लिहिलं की भानगड मिटते. ती म्हणाली, मूठ लिहिली न्हाई तर बाया ठिवायच्या बंद हुतील. मी दोन्ही लिहिलं.

शैलाक्का नाहून, केस बांधून आली आणि रिकामी पिशवी घेऊन आईसमोर उभी राहिली.

"आई, मला घरचा तांदूळ दे. भाजणीपुरता. आत्ताच काढून ठेवते, जाताना विसरायला नको."

आत्या उठली. दोघी माजघराकडे गेल्या, आणि पिशवी धरायला म्हणून मीही. उंबऱ्यापाशी शैलाक्का सवयीनं थांबली.

"हात मोडलाय माजा," आत्या म्हणाली. "तूच काड. आंगूळ केलीस न्हवं? मग ये आत. घाल हात."

"आजीचा दंडक?"

"सासूबाई गेल्या. त्यांचं मी बगून घेईन वर गेल्यावर."

शैलाक्का उंबरा ओलांडून आत गेली. तिनं झाकण सरकवलं, आईसारखाच हात कपाळाला लावला, मापटं भरलं. काठावरून बोट फिरवलं. मग मापट्यातून मूठभर तांदूळ उचलला आणि परत सोडायला हात कोठीवर नेला.

आत्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "न्हाई. ती नगो टाकूस."

"का? मूठ ठेवायची ना?"

"आपल्याला शिजवायला काडताना ठिवायची. लेक न्हेती तवा न्हाई ठिवत, मूठ तिनं तिच्या घरी ठिवायची. तुला समदं."

शैलाक्काची मूठ तशीच हवेत राहिली. ती म्हणाली, "अकरा वर्षं मी इथनं काही नेलं नाही गं आई."

"म्हाईत हाय. म्हनून तर कोठी एवढी भरल्याली हाय."

मग शैलाक्का रडली, मोठ्यांदा, लहान मुलीसारखी, आईच्या प्लास्टरवर डोकं ठेवून. मी पिशवीचं तोंड उघडं धरून उभा होतो. थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं, मूठ पिशवीत टाकली, मागोमाग मापटं उपडं केलं आणि माझ्यावर खेकसली, "बघतोस काय बावळटासारखा? नीट धर."

आत्या मोजायला लागली, "लाभ… दोन… तीन…" पहिल्या मापाला ती कधी एक म्हणत नसे. सहाच्या सहा मापटी काठोकाठ पिशवीत गेली. वजन करून देऊ का, असं मी विचारलं नाही. तीन दिवसांत मला एवढी अक्कल आली होती.